कंपनीचा फोन, कुणाच्या ताब्यात?

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे २ डिसेंबर २०१५ रोजी झालेल्या गोळीबारात १४ जणांचा जीव गेला. हल्लेखोरांपैकी एक जण काउंटीच्या आरोग्य खात्यात नोकरीला होता आणि त्याच्याकडचा आयफोन ५सी खात्याच्या मालकीचा होता. तो उघडून मिळावा म्हणून एफबीआय न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलविरुद्ध आदेश निघाला, कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला आणि खासगीपणा मोठा की सुरक्षा, हा वाद जगभर पेटला. मार्चअखेर एका तिसऱ्याच पक्षाच्या मदतीने फोन उघडला आणि सरकारने खटला मागे घेतला.

या गदारोळात एक साधी बाब मागे पडली. कर्मचाऱ्यांचे फोन दुरून सांभाळण्याची सेवा काउंटीने मोबाइलआयर्न या कंपनीकडून घेतलेली होती. तिचा दर फोनमागे महिन्याला चार डॉलर होता. पण या फोनवर ती बसवलीच गेली नव्हती. बसवली असती तर काउंटीला आपल्याच कार्यालयातून त्या फोनचा पासकोड काढून टाकता आला असता. त्यात भर म्हणजे तपासाच्या घाईत, एफबीआयच्या सांगण्यावरून, काउंटीने त्या फोनच्या आयक्लाउड खात्याचा पासवर्ड बदलला. त्यामुळे ओळखीच्या वाय-फायजवळ नेऊन फोनकडून आपोआप ताजा बॅकअप घेण्याची वाटही बंद झाली. फोन काउंटीचा होता, बिलही काउंटीच भरत होती, पण तो सुरू करून देताना करायचं काम राहून गेल्यामुळे ताबा मात्र काउंटीकडे नव्हता.

कर्मचाऱ्याला फोन देणं हे बहुतेक कंपन्यांत किरकोळ काम समजलं जातं. खोकं उघडायचं, सिम घालायचं, मेल चालू करून द्यायचा आणि रजिस्टरवर सही घ्यायची. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात बरंच काही ठरून जातं. फोन हरवला तर काय होणार, कर्मचाऱ्याच्या खासगी गोष्टींपैकी कंपनीला काय दिसणार, तो नोकरी सोडून गेला की नंबर आणि ग्राहकांशी झालेली बोलणी कुणाकडे राहणार, या प्रश्नांची उत्तरं तिथेच नक्की होतात. नंतर ती बदलायची तर बहुधा फोन पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ब्लॅकबेरीपासून आजपर्यंत

या कामाची पहिली शिस्त ब्लॅकबेरीने लावली. कॅनडातल्या वॉटर्लू शहरातल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ मध्ये ब्लॅकबेरी बाजारात आणला, तेव्हा तो जवळपास पेजरसारखा दिसणारा, मेल दाखवणारा छोटा यंत्रतुकडा होता. त्याच्या जोडीला कंपनीच्या कार्यालयात एक सर्व्हर बसायचा. सुरुवातीला यंत्र संगणकाला जोडलेल्या पाळण्यात ठेवून जोडणी व्हायची. पुढे हे बिनतारी झालं. कर्मचाऱ्याने फोनमध्ये आपला मेलचा पत्ता आणि आयटी विभागाने दिलेला ॲक्टिव्हेशनचा पासवर्ड टाकला की मेल, कॅलेंडर, संपर्क आणि कंपनीचे नियम असं सगळं हवेतून फोनवर उतरायचं. फोन हरवला तर तो दुरून पुसता यायचा. बँका, वकिलांच्या फर्म आणि सरकारी खाती ब्लॅकबेरीला इतकी वर्षं का चिकटून राहिली, याचं उत्तर कीबोर्डपेक्षा या व्यवस्थेत जास्त सापडतं.

२००७ मध्ये आयफोन आला आणि चित्र उलटलं. तोवर कंपनी देईल तो फोन कर्मचारी वापरत होता. आता कर्मचारी स्वतःचा चांगला फोन घेऊन कार्यालयात येऊ लागला आणि त्यावरच मेल चालू करून मागू लागला. ॲपलने २०१० मध्ये आयओएस ४ बरोबर असे फोन दुरून सांभाळण्याची सोय दिली. अँड्रॉइडमध्येही त्याच वर्षी प्राथमिक सोय आली, पण ती ढोबळ होती. मेल हवा असेल तर पूर्ण फोनवर कंपनीला अधिकार द्या, असा तो मामला होता. कर्मचाऱ्याच्या मुलांचे फोटो आणि कंपनीचे दरपत्रक एकाच कप्प्यात पडलेले असायचे. नोकरी सुटल्यावर कंपनीने फोन पुसला की दोन्ही जायचं.

खरा फरक पडला तो अँड्रॉइड ५ नंतर, २०१५ मध्ये. गूगलने फोनच्या आतच कामासाठी वेगळा कप्पा केला. त्याला वर्क प्रोफाइल म्हणतात. त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. कंपनीचा मेल, कंपनीचं ॲप, कंपनीच्या फाइल या कप्प्यात, बाकी सगळं बाहेर. पुसायची वेळ आली तर कंपनी फक्त आपला कप्पा पुसते. अँड्रॉइड १० पर्यंत गूगलने जुन्या ढोबळ पद्धतीतले महत्त्वाचे अधिकार काढून घेतले. अजूनही काही कंपन्या मेल जोडताना कर्मचाऱ्याकडून पूर्ण फोनवरचे अधिकार मागतात, तेव्हा ते नाइलाजाने होत नसतं, जुनी सवय सुटलेली नसते एवढंच.

खोकं उघडल्यावर

अँड्रॉइड फोन पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात घ्यायचा असेल तर एक अट कडक आहे. हे काम फोन पहिल्यांदा सुरू होताना, त्यात कुणाचंही गूगल खातं जाण्याआधी व्हावं लागतं. कर्मचाऱ्याने नवीन फोनच्या उत्साहात आपला जीमेल टाकून फोन चालू केला, तर आयटीवाल्याला तो रिसेट मारल्याशिवाय पर्याय नसतो. अँड्रॉइड ७ पासून स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. तो कोड दाखवला की फोन कंपनीच्या व्यवस्थेत दाखल होतो आणि ठरलेली ॲप आपोआप उतरतात. दहा-वीस फोन असलेल्या कार्यालयाला ही पद्धत पुरते.

शेकडो फोन असतील तर प्रत्येक खोकं फोडून कोड दाखवणं परवडत नाही. त्यासाठी २०१७ पासून गूगलची झिरो-टच पद्धत आहे. अधिकृत विक्रेता फोन विकतानाच त्यांचे आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, कंपनीच्या खात्यात टाकतो. फोन सीलबंद खोक्यातून थेट नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या कर्मचाऱ्याकडे जातो. तो सुरू होऊन इंटरनेटला लागला की स्वतःच विचारतो, आपण कुणाचे? आणि कंपनीच्या नियमांसह उभा राहतो. कुणी रिसेट मारला तरी पुन्हा तिथेच येतो. सॅमसंगची नॉक्स मोबाइल एनरोलमेंट याच धर्तीवर चालते. गोदामांत बारकोड वाचणाऱ्या झेब्रा कंपनीच्या हातयंत्रांना तर कागदावर छापलेले बारकोड वाचायला देऊन तयार करता येतं. २०२० च्या टाळेबंदीत कर्मचारी घरी आणि आयटी विभागही घरी अशी वेळ आली, तेव्हा या पद्धतींची किंमत अनेकांना कळली.

ॲपलकडे याच कामासाठी ॲपल बिझनेस मॅनेजर आहे. त्याची आधीची आवृत्ती २०१४ मध्ये आली. ती किती आवश्यक होती, हे आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या शाळांनी दाखवलं होतं. तिथल्या शिक्षण मंडळाने २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना आयपॅड वाटले. त्यात नको त्या संकेतस्थळांवर बंदी होती. पण ती बंदी घालणारं प्रोफाइल सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकता येत होतं. सुमारे तीनशे मुलांनी ते काढलं आणि आयपॅड घरी नेण्यावरच काही काळ बंदी आली. आता बिझनेस मॅनेजरमधून आलेल्या आयफोनवरचं प्रोफाइल वापरणाऱ्याला काढता येणार नाही, अशी तजवीज करता येते.

अडचण अशी की झिरो-टच आणि बिझनेस मॅनेजर या दोन्ही पद्धती अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या फोनसाठी बनल्या आहेत. आपल्याकडच्या छोट्या कंपन्या ओळखीच्या दुकानातून, सणाची सवलत बघून पाच-सहा फोन उचलतात. त्या दुकानदाराला आयएमईआय कंपनीच्या खात्यात टाकण्याची सोय नसते. असे आयफोन ॲपल कॉन्फिगरेटरने मागाहून दाखल करता येतात, पण पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला त्यातून बाहेर पडण्याची मुभा असते. म्हणजे खरेदीच्या बिलावर वाचवलेले काही रुपये फोन तयार करताना वेळाच्या रूपाने परत जातात.

आणखी एक बारकी गोष्ट अनेक ठिकाणी घात करते. आयफोन सांभाळणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला ॲपलकडून एक प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी, त्याच ॲपल खात्यातून नव्याने घ्यावं लागतं. ते खातं आयटीतल्या एखाद्याच्या खासगी मेलवर उघडलेलं असेल आणि तो नोकरी सोडून गेला असेल, तर नूतनीकरण अडतं. दुसऱ्या खात्यातून नवं प्रमाणपत्र काढलं, तर कंपनीतला प्रत्येक आयफोन पुन्हा पहिल्यापासून दाखल करावा लागतो. उपाय फुकटचा आहे. हे खातं व्यक्तीच्या नावावर न उघडता विभागाच्या मेलवर उघडावं.

सिम कुणाच्या नावावर?

फोनइतकाच महत्त्वाचा असतो नंबर. भारतात तर बऱ्याचदा फोनपेक्षा जास्त, कारण ग्राहक नंबर ओळखतो, ओटीपी नंबरवर येतो आणि धंद्याचं व्हॉट्सॲप नंबरवर चालतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री अश्विनी वैष्णव यांनी घाऊक जोडण्यांची जुनी पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या जागी बिझनेस कनेक्शन आलं. त्यात कंपनीची नोंद तर होतेच, शिवाय ते सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची केवायसी पूर्ण व्हावी लागते. ती झाल्याशिवाय सिम चालू होत नाही. यामागचं कारण उघड आहे. कंपनीच्या नावावर शेकड्याने घेतलेली सिम फसवणूक करणाऱ्या टोळ्यांच्या हाती जात होती. कंपन्यांच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा की नवा माणूस सोमवारी रुजू होणार असेल तर कागदपत्रं आदल्या आठवड्यातच गोळा झालेली असायला हवीत.

छोट्या धंद्यात याला पळवाट म्हणून मालकच सगळी सिम स्वतःच्या नावावर घेतो किंवा कर्मचाऱ्यांना आपापल्या नावावर घ्यायला सांगतो. पहिल्या वाटेला कायद्याची मर्यादा आहे. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा. दूरसंचार कायदा २०२३ नुसार ही मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दुसरी वाट महागात पडते ती माणूस सोडून जाताना. औषध कंपनीचा एमआर आपल्या नावावरच्या नंबरवरून पाच वर्षं डॉक्टरांशी बोलत असेल, तर राजीनाम्यानंतर तो नंबर त्याच्याबरोबर प्रतिस्पर्धी कंपनीत जातो, आणि कायद्याने तो त्याचाच असतो.

ई-सिममुळे एक काम सोपं झालं. प्लास्टिकचा तुकडा कुरियरने पाठवायला नको, क्यूआर कोड पाठवला की पुरे. पण कर्मचाऱ्याचा फोन बिघडला तर जुन्या काळी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता यायचं, तसं आता होत नाही. ई-सिम नव्या फोनवर न्यायचं तर पुन्हा दूरसंचार कंपनीची प्रक्रिया करावी लागते. म्हणून रानावनात, कारखान्यात किंवा रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाला अजून साधं सिम बरं.

फोन देताना दोन्ही आयएमईआय क्रमांक लिहून ठेवणं हा पाच सेकंदांचा उद्योग आहे. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की ते दिसतात. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन देशभर बंद करण्याची सोय याच क्रमांकावर चालते. या व्यवस्थेची सुरुवात २०१९ मध्ये मुंबईतून झाली होती.

माझा फोन, तुमचं काम

कर्मचाऱ्याने स्वतःचाच फोन वापरावा, ही सोय कंपनीला स्वस्त वाटते. ती खरोखर स्वस्त आहे का, हा प्रश्न कॅलिफोर्नियात न्यायालयापर्यंत गेला. घरपोच खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना कामासाठी स्वतःच्या फोनवरून बोलावं लागत होतं. तिथल्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये सांगितलं की कामासाठी स्वतःचा फोन वापरणं भाग असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा कंपनीने द्यायला हवा, मग कर्मचाऱ्याचा प्लॅन अमर्याद बोलण्याचा असला तरीही. आपल्याकडे हा प्रश्न बहुधा नेमणूकपत्राच्या एखाद्या ओळीवर सोडलेला असतो, किंवा सोडलेलाही नसतो.

खासगी फोनवरच्या कामाची दुसरी किंमत अमेरिकेतल्या बँकांनी मोजली. तिथल्या नियमांनुसार शेअर दलाली करणाऱ्या कंपन्यांना धंद्याचा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो. पण बँकेचे लोक खासगी फोनवरच्या व्हॉट्सॲपवर आणि मेसेजवर सौदे बोलत होते, ज्याची नोंद कुठेच नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनला २० कोटी डॉलरचा दंड झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या सोळा संस्थांना दोन नियामकांनी मिळून सुमारे १८० कोटी डॉलर भरायला लावले. सोयीचं ॲप कर्मचाऱ्याच्या हातात आधीपासून असतं. त्याहून सोयीचं काही कंपनीने दिलं नाही, तर काम तिकडेच सरकतं.

उलट बाजूचं उदाहरण वॉलमार्टचं आहे. या कंपनीने जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ७,४०,००० कर्मचाऱ्यांना सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर प्रो हा दणकट फोन वर्षअखेरपर्यंत फुकट देण्याचं जाहीर केलं. पाळ्यांचं वेळापत्रक, हजेरी, वॉकीटॉकीसारखं बोलणं हे सगळं कंपनीच्या ॲपमध्ये. त्यातल्या काही सोयी फक्त हजेरी लावलेली असतानाच चालतात, म्हणजे घरी गेल्यावर काम मागे येत नाही. बाकीचा फोन कर्मचाऱ्याने घरच्या कामालाही वापरावा आणि त्यातली खासगी माहिती कंपनी बघणार नाही, असं कंपनीने फोन देतानाच सांगून टाकलं.

हे सांगून टाकणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं. वास्तविक सांगण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं दिलासा देणारं आहे. स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल असेल तर कंपनीला कप्प्याबाहेरचे फोटो, संदेश किंवा ॲप दिसत नाहीत. आयफोनवरच्या व्यवस्थापनातूनही कंपनीला मेसेज वाचता येत नाहीत की फोटो पाहता येत नाहीत. मात्र कंपनीच्या मालकीचा, पूर्ण ताब्यातला फोन असेल तर त्यावर कोणती ॲप आहेत हे कंपनीला दिसतं, ठिकाण कळू शकतं आणि सगळा फोन दुरून पुसता येतो. अशा फोनमध्ये घरचे फोटो ठेवू नयेत, हे कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

रस्त्यावरचा कर्मचारी

फोनची चर्चा होते ती कार्यालयात बसणाऱ्यांची. फोनवर खरं पोट अवलंबून असतं ते फिरणाऱ्यांचं. डिलिव्हरी करणारा, मीटर वाचणारा, कर्जाचे हप्ते गोळा करणारा, दुरुस्तीला जाणारा. त्यांचा फोन बंद पडला तर त्या दिवसाचं काम बंद पडतं.

अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना तो अनुभव आला. कंपनीने २०१३ मध्ये वैमानिकांच्या सुमारे १६ किलो वजनाच्या कागदी नकाशांच्या बॅगा हद्दपार करून आयपॅड दिले. इंधन वाचलं, वैमानिकांच्या पाठीही वाचल्या. पण २८ एप्रिल २०१५ रोजी एका विमानतळाचा नकाशा माहितीत दोनदा गेल्यामुळे नकाशांचं ॲप बंद पडू लागलं आणि डझनावारी उड्डाणं रखडली. ॲप काढून पुन्हा बसवणं हा उपाय होता, पण त्यासाठी वाय-फाय हवं होतं. ते मिळवण्यासाठी काही विमानं गेटवर परतली. शेकडो यंत्रांना एकाच क्षणी एकच बदल पाठवण्यात हा धोका असतो. आधी थोड्या फोनवर पाठवायचा, दोन दिवस बघायचं, मग सगळ्यांना, ही शिस्त म्हणून आवश्यक ठरते.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सर्वांत बोलका अनुभव कंपनीचा नाही, सरकारचा आहे. राज्यात २०१९ च्या सुमारास अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानात सुमारे एक लाख स्मार्टफोन देण्यात आले. फोनची रॅम २ जीबीची. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. फोन हँग होऊ लागले, तापू लागले. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा भुर्दंड मानधनावर जगणाऱ्या सेविकांवर पडला. ॲपमधली माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. ऑगस्ट २०२१ पासून गावोगावच्या सेविकांनी मोर्चे काढून हे फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. चांगले मोबाइल द्या, ही २०२३ च्या संपातलीही मागणी होती.

या प्रकरणातून प्रत्येक कंपनीने उचलावं असं पुष्कळ आहे. फोन घेताना आजचं ॲप चालतंय एवढं पाहून भागत नाही, दोन-तीन वर्षांनी वाढलेलं ॲप त्यावर चालेल का हे बघावं लागतं. दुरुस्तीचा खर्च कुणाचा हे लिहून द्यावं लागतं. आणि वापरणाऱ्याची भाषा ही शेवटी घालायची सजावट समजून चालत नाही. अँड्रॉइडमध्ये मराठी आहे. फोन सुरू करताना पहिल्याच पडद्यावर ती निवडता येते. कोल्हापूरच्या शोरूममधल्या किंवा चाकणच्या कारखान्यातल्या माणसाच्या हातात इंग्रजी पडद्याचा फोन देऊन त्याच्याकडून संमतीच्या चौकोनावर खूण करून घेणं, याला संमती म्हणणं कठीण आहे.

रस्त्यावरच्या माणसाचा दुसरा प्रश्न पाळतीचा. कॅलिफोर्नियातच एका पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या विक्री विभागातल्या महिलेने २०१५ मध्ये दावा लावला. कंपनीच्या फोनवरचं ठिकाण सांगणारं ॲप चोवीस तास चालू ठेवायला सांगितलं होतं, सुट्टीत गाडी किती वेगाने चालवली हेही आपल्याला कळतं असं साहेब म्हणाले, आणि ॲप काढल्यावर तिची नोकरी गेली, असं तिचं म्हणणं होतं. हे प्रकरण तडजोडीने मिटलं. आपल्याकडे नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. हजेरी मोजणं हा मालकाचा हक्क आहे. पाळी संपल्यावर ठिकाण बघण्याचं कारण कुणालाच नाही, आणि ते बंद ठेवण्याची सेटिंग बहुतेक सगळ्या व्यवस्थांमध्ये असते.

चाव्यांचा जुडगा

फोन सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे कंपनीच्या सगळ्या फोनच्या चाव्यांचा जुडगाच असतो. तो चोराच्या हाती लागला तर काय होतं, याचे दोन दाखले ताजे आहेत. जुलै २०२३ मध्ये नॉर्वेच्या बारा मंत्रालयांच्या फोनव्यवस्थेत घुसखोरी झाली. वाट होती फोन सांभाळणाऱ्या इव्हान्टी या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली, तोवर कुणाला माहीत नसलेली त्रुटी. हे सॉफ्टवेअर पूर्वीच्या मोबाइलआयर्नचंच. ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइल गार्डियन या कंपनीच्या व्यवस्थेत कुणीतरी शिरलं आणि सिंगापूरच्या २६ शाळांतल्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांचे आयपॅड आणि क्रोमबुक दुरून पुसले गेले. परीक्षेच्या तयारीच्या नोंदी गेल्याच्या तक्रारी झाल्या. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने ते ॲप सगळ्या यंत्रांवरून काढून टाकलं.

म्हणून ही व्यवस्था घेताना प्रशासकाच्या खात्याला दुहेरी पडताळणी, प्रशासकांची संख्या मोजकी आणि एकाच वेळी शेकडो फोन पुसण्याला दुसऱ्या माणसाची मंजुरी, एवढं तरी हवंच. अशी सॉफ्टवेअर परदेशातूनच घ्यावी लागतात असंही नाही. पुण्यातल्या प्रोमोबी टेक्नॉलॉजीजचं स्केलफ्यूजन, बेंगळुरूच्या ४२गिअर्सचं शुअरएमडीएम आणि चेन्नईतल्या झोहोचं मॅनेजइंजिन ही या क्षेत्रातली चालती नावं आहेत.

कायदा कुठे उभा आहे

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कर्मचाऱ्याने एक गोष्ट नीट वाचली पाहिजे. नोकरीच्या कामासाठी किंवा कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला या कायद्याने संमतीची अट ठेवलेली नाही. म्हणजे फोनवर किती पाळत ठेवायची याची रेषा बरीचशी कंपनीच्या विवेकावर राहते.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ मध्ये दिला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकं क्वचितच कायदा होतात. पण वर्क प्रोफाइल संध्याकाळी सातला आपोआप झोपवण्याची सोय फोनमध्ये आजच आहे. त्यासाठी संसदेची वाट पाहायला नको.

निरोपाचा दिवस

फोन नीट दिला गेला होता का, हे कळतं तो परत येतो तेव्हा. ॲपलने २०१३ मध्ये आणि गूगलने २०१५ मध्ये चोरीला आळा बसावा म्हणून एक कुलूप आणलं. फोन पुसला तरी आधीच्या मालकाचं खातं आणि पासवर्ड टाकल्याशिवाय तो चालू होत नाही. चोरांसाठी लावलेल्या या कुलपात कंपन्याच अडकतात. कर्मचारी आपलं खासगी खातं न काढता फोन टेबलावर ठेवून जातो, आयटीवाला रिसेट मारतो आणि महागडा फोन पेपरवेट होऊन बसतो. मग जुन्या सहकाऱ्याला फोन करून पासवर्ड मागायची वेळ येते. फोन सुरुवातीलाच कंपनीच्या व्यवस्थेत दाखल केलेला असेल तर हे कुलूप कंपनीला स्वतः उघडता येतं.

कंपनी दहा माणसांची असो की दहा हजारांची, करायच्या गोष्टी फार नाहीत. फोन अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि कर्मचाऱ्याच्या हातात जाण्याआधी दाखल करा. सिम कंपनीच्या नावावर ठेवा, वापरणाऱ्याची केवायसी करा. प्रमाणपत्रं आणि प्रशासकाची खाती व्यक्तीच्या नावावर ठेवू नका. आणि फोनच्या खोक्याबरोबर मराठीत छापलेलं एक पान द्या. त्यात फोन कुणाचा, कंपनीला काय दिसतं, काय दिसत नाही, ठिकाण कोणत्या वेळेत पाहिलं जातं, दुरुस्तीचा खर्च कुणाचा आणि नोकरी सोडताना काय करायचं, एवढं लिहिलेलं असू द्या. ज्यांच्या हातात असा फोन या पानाशिवाय आला असेल, त्यांनी उद्या एचआरकडे ते लेखी मागावं.